हळदीच्या अंगाने कोर्टात

"चालून दाखव," भाऊ म्हणाला. माझा सख्खा मोठा भाऊ. समोर धुळ्याहून आलेला पन्नाशीचा बिजवर पोहे खात बसला होता. माझा डावा पाय जन्मापासून लुळा, जीभ जड. दारापासून चुलीपर्यंत मला तीनदा चालवलं. बाजारात बैलालासुद्धा एकदाच चालवतात. मग भावाने सांगितलं, हिला नीट बोलता येत नाही.

"बोलत नही ते बरं शे," पाहुणा म्हणाला. "घरमा कटकट नही."

सगळे हसले. आईसुद्धा. तिचं ते हसू मला अजून जाळतं.

मी बत्तीस वर्षांची होते. भांडी, धुणी, शेणगोठा, सगळं मीच करायची. पण घरात अशी आत्या दिसली की भावाच्या मुलीला स्थळ येत नाही म्हणे. म्हणून मला आधी उजवायचं. मी मान हलवून नाही म्हटलं. भावाने केळीला टेकू देतात तो बांबू उचलला. पाठीवर मारलं, मांडीवर मारलं, मग माझ्या चांगल्या पायावर. "आता दोन्ही सारखे झाले," म्हणाला. दोन दिवस केळी पिकवायच्या खोलीत कोंडलं. कडी निघाली ती हळदीलाच.

केस धरून पाटावर बसवलं. आईने तोंडाला हळद फासली. फाटलेल्या ओठात गेली, झोंबली. मी आईच्या हाताला कडकडून चावले. भावाने बायकांसमोर कमरेत लाथ घातली. बायकांची गाणी थांबली नाहीत.

नंतर मात्र कुणी कडी लावली नाही. हळद लागलेली नवरी शीव ओलांडत नाही, बाहेरची बाधा होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मला कसली बाधा होणार होती? घरातल्यांपेक्षा वाईट भूत कुठलं असणार? पंगत बसली तशी मी मागच्या दाराने निघाले. पाय फरफटत फाटा गाठला. यावलची एसटी धरली.

तिथे कोर्ट आहे, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी संरक्षण अधिकारी बाई आहेत, हे अंगणवाडीच्या ताईंनी कधीच सांगून ठेवलं होतं. त्या अधिकारी बाईंनी अर्ज लिहून घेतला, दवाखान्यात नेऊन वळांची नोंद करवली. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांपुढे उभी राहिले. कोर्टाचा निरोप मिळाला म्हणून भाऊही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"साहेब, तिले काय समजते? तिच्या वतीनं मीच सांगतो."

"तुम्ही बसा. त्या सांगतील."

न्यायाधीश माझ्याकडे बघत थांबले. माझ्या बोलण्यासाठी जन्मात कुणी थांबलं नव्हतं. लाळ गळाली. मागे कुणीतरी हसलं.

"मले... हे... लगन... करायचं नाही. अन्... घर... सोडायचं नाही."

तात्पुरता हुकूम झाला, पुढची तारीख सोमवारची पडली. माझं लग्न लावायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, घरातून काढायचं नाही.

पोलीस बाई मला दारापर्यंत सोडून गेल्या. त्यांची गाडी वळली आणि भावाने हात उगारला. एरवी मी डोकं झाकून खाली बसायची. त्या दिवशी बसले नाही.

"मार," मी म्हटलं. "सोमवारी... तारीख हाये."

हात तसाच राहिला. उद्या तो पडेलही. आई बोलत नाही, ताट सरकवून जाते. जाऊ दे. घर माझ्याही बापाचं आहे, मी इथेच राहणार. अंगावर उठलेला एकेक वळ कोर्टात नेऊन उघडा करणार. एक वाक्य बोलायला मला अर्धा तास लागला, तर भावाने अर्धा तास उभं राहून ते ऐकायचं.