आर्डिसच्या टोप्या

ऑर्विन टांगेनच्या घरात भांडण व्हायचं ते टोप्यांवरून. डोक्यावरच्या नव्हेत. काडतुसाच्या बुडात मसुराएवढी पितळी टोपी असते. बंदुकीची सुई तिच्यावर आदळली की बार उडतो आणि टोपीवर खळगा उरतो. गोळी सुटल्यावर उरलेली काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरायची तर ही जळकी टोपी आधी काढावी लागते. ऑर्विन गॅरेजातल्या बाकावरच्या, काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा ओढायचा, टोपी टक्कन सुटायची आणि खालच्या ट्रेमध्ये पडायची. म्हणजे पडायला हवी होती. निम्म्या बाहेर उडायच्या, त्याच्या मोज्यांना चिकटून घरात यायच्या आणि शेवटी बायकोच्या, आर्डिसच्या अनवाणी पायात रुतायच्या.

"शिशाची धूळ असते त्यांना, आणि तू ती माझ्या स्वयंपाकघरात आणतोस," आर्डिस त्याला दारातच अडवायची. "मोजे काढ. हात धू. मग ये आत."

शेवटी तिनेच तो ट्रे उपटून फेकला, प्रेसला एक रबरी नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक काकडीच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत सोडलं. ऑर्विनच्या डोक्यात हे जन्मात आलं नसतं. तरी नळी मधूनच तुंबायची, हा पठ्ठ्या ती उपसून झटकायचा आणि चार टोप्या जमिनीवर सांडायच्याच. त्यामुळे बोलणी काही थांबली नाहीत.

शिकारीला आर्डिसही जायची, आणि नेम तिचाच चांगला होता. तिची रायफल तिच्या वडिलांची, जुन्या मापाची. तिची काडतुसं मॉन्टानातल्या कुठल्याच दुकानात मिळेनाशी झाली होती, म्हणून ऑर्विन ती घरी भरायचा. काडतूस ज्या बंदुकीत उडतं तिच्याच खाचेचा आकार पुंगळी घेते, त्यामुळे नवराबायकोचं अंथरूण एक असलं तरी पुंगळ्यांचे डबे वेगळे. आर्डिसच्या रायफलची सुई जरा तिरकी होती. तिच्या टोपीवरचा खळगा कधी मधोमध पडला नाही, नेहमी कडेला.

"तुझ्यासारखीच आहे, वाकड्यात शिरणारी," ऑर्विन चिडवायचा.

"लागतं ना बरोबर जागी? मग झालं."

मागच्या वसंतात आर्डिस गेली. तिच्या शेवटच्या शिकारीच्या पुंगळ्यांचा डबा फळीवर तसाच राहिला, जळक्या टोप्यांसकट. ऑर्विनने त्याला हात लावला नाही. आणि आता मुलीचा, कॅरिनचा फोन आला. तिला या वर्षी एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना मिळाला होता आणि आईचीच रायफल हवी होती.

"गोळ्या कुठेच मिळत नाहीयेत, डॅड. तूच दे ना भरून."

देतो म्हणाला. नाही कसं म्हणणार? पण त्या टोप्या काढल्या की आर्डिसच्या बोटाने केलेलं शेवटचं काम पुसलं जाणार, हे त्याला फोनवर सांगता आलं नाही. मग त्याने ठरवलं, या टोप्या वेगळ्या ठेवायच्या. जॅमची एक रिकामी बाटली धुतली, कोरडी केली आणि नळीखाली लावायची म्हणून बाकावर आणून ठेवली.

डबा उघडून तो स्टुलावर बसला. पहिली पुंगळी प्रेसमध्ये बसवली, दांडा ओढला. टक्. पुढचं हातांनी आपलं आपणच केलं, त्याचं लक्ष तिच्या आठवणीत होतं. शेवटची पुंगळी झाल्यावर त्याने बाटलीकडे पाहिलं. बाटली बाकावर होती तशीच, रिकामी. नळीचं टोक जुन्या बरणीतच होतं. इतक्या वर्षांची सवय. आर्डिसच्या शेवटच्या टोप्या सगळ्या ढिगाऱ्यात मिसळल्या होत्या.

त्याने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, बरणी उपडी केली आणि दिवा जवळ ओढून गुडघ्यांवर बसला. मधला खळगा आपला, कडेचा तिचा. ओंजळभर तरी सापडतील असं त्याला वाटलं होतं. पण कडेचे खळगे निघतच राहिले. चकचकीत निघाले, काळे पडलेले निघाले. ओढ्यातल्या एल्कवर झाडलेल्या असतील, वाऱ्यावर खापर फोडून हुकवलेल्या असतील, उन्हाळ्यात कुंपणावरच्या डब्यांवर उडवलेल्या असतील. शेवटच्या कोणत्या, ते काही केल्या कळेना. मग त्याने तो नाद सोडला. तिच्याच होत्या सगळ्या. तिची इतकी आठवण आली की त्याला बराच वेळ उठवेना.

जॅमच्या बाटलीत तिच्या टोप्या मावेनात. म्हणून मोठी बरणी तिला दिली आणि स्वतःच्या मावतील तेवढ्या बाटलीत भरल्या. उरलेल्या रद्दीसकट कचऱ्यात टाकल्या. कॅरिनच्या पुंगळ्या धुवायला घातल्या आणि तो घराकडे निघाला.

स्वयंपाकघराच्या दारात तळपायाला काहीतरी टोचलं. ऑर्विन चौकट धरून एका पायावर उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही. बोलणी खायला तसाच थांबला.

आत फ्रिज घरघरत होता. थोड्या वेळाने त्याने आपणहून मोजे काढले, बाहेरच्या नळावर हात धुतले आणि आत गेला.