धोंड्याचं जेवण आणि वाटीभर एरंडेल

जुलाब हा रोग नव्हे, ते लक्षण आहे, हे मी सासुरवाडीत अकरावा धोंडा खाताना सर्वांना समजावून सांगितलं.

लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे म्हणून सासऱ्यांनी मला करमाळ्याहून सोलापूरला बोलावलं होतं. सासरे कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम. मी शाळामास्तर (म्हणजे कुणी न विचारता शिकवणारा!).

"मामा, पोट बिघडलं की आधी कारण शोधावं. अति खाणं, उघडं पाणी, माशा..."

सासरे मान डोलवत होते. सासूबाई तूप वाढत होत्या. मी नको म्हणत नव्हतो.

दुपारी गिरणीचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ माझं पोट!

संडास परसाच्या पार टोकाला, आणि वाट ओसरीवरच्या सगळ्या पाहुण्यांसमोरून. टमरेल घेऊन पहिली फेरी ऐटीत केली. तिसरीला मान खाली गेली. चौथ्या फेरीत मी तिथंच बसून राहिलो. एवढं ज्ञान पाजळल्यावर जुलाब होतायत हे कुठल्या तोंडानं सांगणार?

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "आवं, जावईबापू लई येळ बसल्यात की! पोट साफ हुईना वाटतं."

"व्हय, पुरण जड पडलं आसंल. एरंडेल दे," सासरे म्हणाले.

बाहेर आलो तर वाटी तयार!

"आत्याबाई, मी अगदी बरा आहे हो..."

"लाजताय व्हय? घ्या गुमान!"

सासूनं हातात दिलेलं नाकारावं कसं? डोळे मिटून घेतलं. (इतकं आज्ञाधारक पोर माझ्या वर्गात आजवर निघालं नाही.)

पुढच्या तासाभराचं वर्णन मी करणार नाही. टमरेल खाली ठेवायला सवड मिळाली नाही, एवढंच सांगतो. शेवटी भिंत धरून उभा राहिलो, तेव्हा बायको घाबरून ओरडली, "आयं, त्यास्नी जुलाब हुत्यात! एरंडेल काय म्हनून दिलंस?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. डोळे पुसत त्यांनी साखर-मिठाचं पाणी पाजलं, मऊ ताकभात कालवला. मला मनापासून शरम वाटली.

सासऱ्यांनी मात्र शांतपणे विचारलं, "मास्तर, जुलाब ह्ये लक्षान. मग रोग कंचा म्हनायचा?"

"लाजंचा की!" सासूबाई कडाडल्या. "एक शबुद बोलला असता तर एरंडेल वाचलं असतं!"

अजूनही सासुरवाडीत मी आरोग्यावर बोलायला तोंड उघडलं की सासूबाई वाद घालत नाहीत. नुसतं टमरेल भरून दाराशी आणून ठेवतात!