न दिसलेलं तळं

त्या वर्षी मी रोज देवापुढे दिवा लावत होते, पण हात जोडले की मनात नामाऐवजी भांडणच यायचं. आमची एकुलती एक मुलगी गौरी कॉलेज संपवून रवांडाला गेली होती, मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला, स्वयंसेवक म्हणून. ती अगदी लहान असताना आम्ही अमेरिकेत आलो आणि मिशिगनमध्ये ट्रॉयला घर केलं. तिच्यासाठीच एवढ्या लांब आलो असं आम्ही सगळ्यांना सांगायचो, आणि तीच आमच्यापासून आणखी लांब निघून गेली. पॉटलकच्या जेवणाला, म्हणजे आपापला पदार्थ घेऊन जमलेल्या बायका मला विचारायच्या, "अगं, मेडिकलला नाही का गेली?" मी हसून वाटीत वरण वाढत राहायचे.

मग एका सकाळी तिचा फोन आला. तिला मलेरिया झाला होता, एका मिशनच्या दवाखान्यात ती पडून होती, काही दिवस तर शुद्धही नव्हती. आणि हे आम्हाला कळत होतं ते ती बरी झाल्यावर. "आई, आय ॲम फाइन नाऊ," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. फोन ठेवून मी देवघरापुढे जाऊन उभी राहिले. माहेरापासून आमच्याकडे दत्ताची उपासना, माझा गुरुवार कधी चुकला नव्हता. ती तापानं फणफणत होती तेव्हा मी इथे निवांत बसून पडदे शिवत होते, आणि तुला मला साधी हुरहुरसुद्धा लावावीशी वाटली नाही? एवढंच मी दत्ताला विचारलं. त्यानंतर दिवा लागत राहिला, पण बोलणं बंद झालं.

उन्हाळ्यात मी तिला आणायला निघाले. ह्यांना कंपनीतून रजा मिळत नव्हती, विमानतळावर ते एवढंच म्हणाले, "तुझं ती ऐकेल. घेऊनच ये." गौरी बारीक झाली होती, पण चेहरा उजळलेला होता. मी विषय काढला तसा तिनं तो शांतपणे बाजूला ठेवला. आधी माझ्याबरोबर बिसोके चढ, मग बोलू, असं तिचं म्हणणं. तिच्या गावाजवळ राष्ट्रीय उद्यान आहे, त्यात निजलेल्या ज्वालामुखींची रांग आहे. त्यातल्या बिसोकेच्या माथ्यावर, ज्वालामुखीच्या तोंडातच एक गोल तळं आहे. ते मला दाखवायची तिला फार हौस होती. मला लहानपणापासून दमा. बरीच वर्षं तो गप्प होता, म्हणून मी हो म्हटलं. खरं तर उतरताना ती दमलेली असेल, तेव्हा माझं ऐकेल, असा माझा हिशेब होता.

पायथ्याशी बटाट्याची शेतं होती, मग बांबूचं दाट बन, आणि त्यानंतर नुसता चिखल. काळा, चिकट, पाय आत ओढून घेणारा. झाडांच्या फांद्यांवरून शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या आणि आधाराला हात लावावा तिथे खाजकुइली. आमच्याबरोबर एक वाटाड्या आणि रानम्हशींच्या भीतीनं बंदूक घेतलेला एक रक्षक होता. माझी पिशवी गौरीनं स्वतःच्या पाठीवर घेतली होती. अर्ध्याहून जास्त चढ झाल्यावर मी तिला म्हटलं, तू वाटाड्याबरोबर पुढे हो, मी रक्षकाबरोबर सावकाश येते. ती नको म्हणत होती, मीच तिला पिटाळलं. ती वळणाआड गेली आणि थोड्याच वेळात धुकं उतरलं.

गार, ओलं धुकं छातीत गेलं आणि जुना दमा जागा झाला. श्वासातून औषध घ्यायचा पंप पिशवीत होता आणि पिशवी गौरीच्या पाठीवर. मी खाली बसले. रक्षकानं माझा चेहरा पाहिला, मला फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं, हातानं इथेच बसा अशी खूण केली आणि तो गौरीला बोलवायला वर धावला. मी एकटी उरले. चार हातांपलीकडचं झाड दिसेना. मी जीव खाऊन श्वास आत ओढत होते आणि जितका ओढावा तितकी छाती आणखी घट्ट होत होती. इतके दिवस अबोला धरलेली मी, शेवटी त्यालाच हाक मारायला गेले. "दिगंबरा" म्हणायला लागले तर "दिगं" पाशीच श्वास संपला. देवाचं नाव घेण्याइतकीही हवा माझ्यापाशी नव्हती. तेव्हा मला खरी भीती वाटली.

खालून पावलांचा पचपच आवाज आला आणि धुक्यातून एक बाई वर आली. काळी, उंच, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला पिवळा रुमाल. तिचा वाटाड्या मागे होता. तिनं काही विचारलं नाही. ती सरळ चिखलातच माझ्यामागे बसली, माझी पाठ आपल्या छातीला टेकवून घेतली आणि अमेरिकन इंग्रजीत कानाशी म्हणाली, "हनी, आत घेऊ नकोस. आधी आत आहे ते सोड. सगळं सोड. पुढचा आपोआप येतो." मग ती गुणगुणायला लागली, चर्चमधलं काहीतरी असावं, लांब आणि खोल. तिच्या छातीतला तो सूर माझ्या पाठीतून आत येत होता. मी ओठांचा चंबू करून तिच्या सुराबरोबर श्वास सोडत गेले. पहिल्यांदा जरासाच गेला. मग थोडा जास्त. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण एका लांब उच्छ्वासावर मनातल्या मनात "दिगंबरा" अख्खं बसलं, तेव्हा मला रडू आलं.

बोलता यायला लागल्यावर तिनं मला कुठली म्हणून विचारलं. मी मिशिगन म्हटलं. मिशिगनात कुठे? मी ट्रॉय म्हटलं तशी ती हसायलाच लागली. ती डेट्रॉइटची होती. लोरेन तिचं नाव, शाळेत संगीत शिकवायची, चर्चच्या मंडळींबरोबर इथल्या एका दवाखान्यासाठी औषधं घेऊन आली होती. तिच्या आणि माझ्या घरात गाडीनं अर्ध्या तासाचं अंतर. तो भाग धोक्याचा, तिथे जायचं नाही असं आम्हाला आल्या दिवसापासून सांगितलेलं, आणि आम्ही कधी गेलोही नव्हतो. मी तिला गौरीची हकीगत सांगितली, तिला न्यायला आले आहे म्हणाले. लोरेननं उपदेश केला नाही. तिनं फक्त विचारलं, "शिकवते चांगली?"

मला माहीत नव्हतं. इतक्या पत्रांत, इतक्या फोनवर मी तिला जेवण विचारलं होतं, मच्छरदाणी विचारली होती, परत कधी येणार ते तर दर वेळी. हे कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात गौरी घसरत, पडत खाली आली. तिनं पिशवीतून पंप काढून माझ्या हातात दिला. "आय शुडन्ट हॅव लेफ्ट यू, आई," ती रडत म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर घरी. प्रॉमिस. आपण जाऊ." ज्या वाक्यासाठी मी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आले होते ते वाक्य ती बोलली होती. मी पंप घेतला, तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, "ते राहू दे. तुझ्या मुलींना तू काय शिकवतेस, ते सांग मला."

डोळे पुसत ती सांगायला लागली. भिंग नव्हतं म्हणून पाण्याच्या थेंबातून पान मोठं करून दाखवलं होतं. एक मुलगी फार लाजाळू, पण तिनं स्वतः बेडकाची अंडी आणून वर्गात वाढवली होती. मराठी, इंग्रजी, मध्येच फ्रेंच. तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

वाटाड्याचं मत खाली जावं असं होतं, पण माझा श्वास नीट चालू लागला होता आणि माथा जवळ आला होता. थोडं चढायचं, बसायचं, असं करत आम्ही वर पोचलो. तळं दिसलं नाही. कड्याच्या काठापासून खाली पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. गौरी हिरमुसली. "आई, आय स्वेअर, इथेच खाली आहे." मी म्हटलं, "अगं, आहे ना." मी काठावर बसून त्या पांढऱ्याला हात जोडले. काही मागितलं नाही, भांडले तर नाहीच. फार दिवसांनी मन स्वस्थ होतं. लोरेन शेजारी संत्रं सोलत होती, तिनं त्याच्या फोडी आम्हा सगळ्यांना वाटल्या. एवढा गोड प्रसाद मी दुसरा खाल्लेला नाही.

मी आठवडाभर गौरीच्या शाळेत मागच्या बाकावर बसले आणि एकटीच परतले. विमानतळावर ह्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मी सांगितलं, "ती कामात आहे." त्यांनी माझी बॅग उचलून गाडीत ठेवली. मग म्हणाले, "बरी आहे ना?" मी म्हटलं, "फार छान शिकवते." घरी येईपर्यंत मी त्यांना बेडकाच्या अंड्यांचीच गोष्ट सांगत होते.

दत्त कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. लोरेन धुक्यातून आली आणि धुक्यात नाहीशी झाली, असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला जास्त बरं वाटेल. पण तसं झालं नाही. ती डेट्रॉइटला असते, तिला मधुमेह आहे, आणि दत्तजयंतीला ती आमच्याकडे जेवायला येते. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मलाही त्यानंच पाठवलं होतं, फक्त आमच्याकडे त्याचं नाव वेगळं आहे. यावर मला जास्त काही म्हणायचं नाही. ज्यानं कोणी तिला त्या वाटेवर माझ्या मागोमाग चढवलं, त्याचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते आहे याचाच मला आनंद वाटतो.

गौरी त्यानंतर आणखी एक वर्ष तिथे राहिली, मग परत येऊन पुढे शिकली. परवा संध्याकाळी तिचा फोन आला. पुन्हा जायचं म्हणते, या वेळी नेपाळला. मी "जा" म्हटलं. म्हणण्याआधी एक लांब श्वास सोडावा लागला. पण म्हटलं.