देवापुढे ठेवलेला साबण

लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि कांताबाई परब अकराव्या मजल्यावर राहायला गेल्या, पण त्यांचे हात काही कोरडे झाले नाहीत. चाळीस वर्षं मोरीत बसून साबणाच्या वडीने कपडे घासलेली बाई. आधी नवऱ्याच्या गिरणीतल्या कपड्यांवरचे तेलाचे डाग, मग मुलाचे, विनीतचे, शाळेचे गणवेश. पहाटे आंघोळ, ओल्या हातांनीच फुलं, ओल्या हातांनीच देव. घरात नवी वस्तू आली की आधी ती देवापुढे जायची, मग तांदळाची गोण असो की विनीतचा लॅपटॉप. आणि झाकलेलं काही देवाला दाखवायचं नाही, हाही त्यांचाच नेम.

सून मेघना दादरची, ऑफिसला जाणारी. तिने मशीनसाठी पावडर बंद करून साबणाचे पॉड आणले. अंगठ्याएवढ्या निळ्या-हिरव्या गोळ्या, पातळ पापुद्र्यात भरलेला दाट साबण. कांताबाईंनी पहिली ओल्या हाताने उचलली, ती बोटांतच विरघळली. दुसरी कपड्यांवर ठेवली, तर पापुद्रा विनीतच्या शर्टाला शेंबडासारखा चिकटून राहिला. मेघनाने न चिडता शिकवलं. हात कोरडे हवेत. गोळी आधी रिकाम्या ड्रममध्ये आणि कपडे तिच्यावर, तेही कोंबून नाहीत. एका धुण्याला एकच पुरते. कापायची नाही, फोडायची नाही. झाकण कट् असं वाजेपर्यंत दाबायचं आणि डबा लगेच माळ्यावर.

"आई, एक मात्र ऐका. मनूच्या हाताला हे लागता कामा नये."

"मी काय खुळी आसंय गो?" कांताबाई म्हणाल्या.

मनू अडीच वर्षांची. आजीने तिला फार काही शिकवलं नव्हतं. देवापुढे हात जोडायचे, वाटीतला प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा, नको म्हणायचं नाही, आणि खाऊन झालं की हात डोक्याला पुसायचा. पोर ते एकदाही चुकत नसे.

त्या गुरुवारी नवा डबा आला. मेघना कामावर गेली. कांताबाईंनी डब्याला कुंकू लावलं, पण मनाला पटेना. मग दोन गोळ्या काढून पितळेच्या वाटीत ठेवल्या. रोज साखरफुटाणे ठेवायच्या त्याच वाटीत. झाकण दाबलं, कट् वाजलं, डबा माळ्यावर गेला. नमस्कार करून गोळ्या उचलायच्या, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात फुलवाली चंपा. झेंडू किती महागलाय हे ती सांगत राहिली, कांताबाई मान डोलावत राहिल्या. आत मनूची बडबड थांबली होती. ती कधी थांबली, हे त्यांना सांगता आलं नसतं.

परत येऊन पाहतात तर वाटीत एकच गोळी. मनू देवापुढे मांडी घालून बसलेली आणि उजवा हात केसांवरून फिरवत होती. केस ओले, निळसर. मग ती खोकली आणि ओठांतून फेस आला.

पोटात विष गेलं की मिठाचं पाणी पाजून ओकवायचं, कांताबाईंना एवढंच ठाऊक. पेला भरला, मीठ ढवळलं, पोरीची मान धरली. पण न विचारता पाजायला हात धजेना, म्हणून मेघनाला फोन लावला.

मनूने साबणाची गोळी खाल्ली, मिठाचं पाणी पाजू का, एवढंच त्यांनी विचारलं.

"पाजू नका. आई, ऐकताय ना? उलटी झाली तर तो फेस छातीत जाईल. ओल्या फडक्याने तोंड आतून पुसा. हात, केस नळाखाली धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पाण्याची धार सोडा, लगेच बंद करू नका. आणि डबा घेऊन हॉस्पिटलला निघा. मी तिथेच येते."

पेला ओठांपासून वीतभर होता. कांताबाईंनी तो मोरीत ओतला.

टॅक्सीत मनूच्या छातीत बारीक शिटी वाजत होती. परळपर्यंत प्रत्येक सिग्नल लाल लागला. कांताबाईंनी रामरक्षा सुरू केली, पण पहिल्या ओळीपुढे जाता येईना. कान शिटीकडे. ती थांबली तर काय समजायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टरांनी मास्क लावला, डब्यावरचं वाचलं. तोंड आतून पोळलंय, म्हणाले, घशाची सूज पुढच्या काही तासांत वाढू शकते. उलटी करवली नाहीत हे बरं केलंत. मग विचारलं, पोरीला हे मिळालं कसं?

"झाकण माझ्याकडूनच नीट लागलं नसेल," मेघना म्हणाली.

गप्प राहिलं तरी चाललं असतं. कांताबाईंनी पदर घट्ट धरला.

"झाकण लागलं होतं. मीच काढून देवापुढे ठेवल्या, प्रसादाच्या वाटीत. पोरीने माझंच ऐकलं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मेघनाने सासूकडे पाहिलं नाही. दुपारभर दोघी कॉटच्या दोन बाजूंना बसून राहिल्या, मध्ये ती शिटी.

सहा वाजता डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली, बराच वेळ ऐकलं. सूज वाढली नव्हती. धोका टळल्यासारखा वाटतोय, पण उद्यापर्यंत इथेच ठेवू, असं म्हणाले.

ते गेल्यावर मेघना पोरीच्या पायावरची चादर सारखी करत राहिली.

"घरी गेल्यावर मनूला भरवायचं ते मी नाहीतर विनीत. तुम्ही नाही, आई."

"बरं," कांताबाई म्हणाल्या.