ब्रेकबाईंच्या घोट्यातला स्क्रू

मोटार शिकवणाऱ्या बाईंना सगळे शिकाऊ पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि बाईंचा पाय सदा त्याच्यावर. पन्नाशीला टेकलेल्या बाईंनी लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर त्या राहत. पण जीव रमायचा तो गाडीतच. तिथे "कुठे निघालीस?" असं विचारणारं कोणी नव्हतं.

एका सकाळी धडा संपवून बाई उतरत होत्या. एक पाय रस्त्यावर, एक आत, तेवढ्यात स्टिअरिंगवरच्या गृहस्थांनी क्लच सोडला. गाडीने हिसका दिला, बाई दारातच कोलमडल्या आणि नेमका ब्रेकवरचा पाय घोट्यात मोडला.

"स्टीलचा स्क्रू टाकला तर पुढे तो काढायला पुन्हा कापावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मॅग्नेशियमचा टाकू. काम झालं की आपोआप विरघळतो."

"म्हणजे चहातल्या साखरेसारखा?" दादा घाबरलाच.

"इतक्या घाईने विरघळू नये म्हणून तर वर कॅल्शियम फॉस्फेटचा लेप असतो. हाडात असतं तसंच ते. लेप टिकेल तोवर हाड जुळून येतं."

बाईंना ते पटलं. पुन्हा कापाकापी नको, एवढंच त्यांना हवं होतं.

मग सुरू झालं खोलीतलं राहणं. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, भिंतीवर एक पाइप. वहिनी सकाळी उशी सारखी करी, दुपारी पुन्हा सारखी करी. दादा कामावरून आला की दारातूनच विचारी, "पाय खाली टेकवला नाहीस ना?" बाथरूमला जाताना दोघं दोन बाजूंना. आयुष्यभर दुसऱ्यांना सांभाळून न्यायची सवय असलेल्या बाई मेल्याहून मेल्यासारख्या होत.

थोड्याच दिवसांत घोटा पुन्हा फुगला. वरून दाबलं की कातडीखाली कुरकुर वाजे. एक्स-रेत स्क्रूभोवती काळे डाग दिसले.

"हा वायू आहे," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "स्क्रू बसवताना लेपाला कुठेतरी चरा गेला असावा. तिथून मॅग्नेशियम लवकर झिजायला लागलंय, आणि झिजताना त्यातून हा वायू सुटतो. वायू शरीर हळूहळू शोषून घेईल. पण हाड अजून कच्चं आहे. आता पायावर तसूभरही भार नको."

"आणखी किती दिवस?"

"हाड सांगेल तितके."

जिन्यावरून दादाने त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. खोलीचं दार लागलं. नखाहूनही पातळ लेपाला एक चरा काय गेला, आणि आपण इथे अडकलो! रात्रंदिवस त्या घोट्याचाच विचार करू लागल्या. आत काय झिजतंय, काय जुळतंय, काही कळायला मार्ग नव्हता.

शेवटी डाग विरले. हाड जुळलं, घोटा मात्र आखडला तो आखडलाच. तरी बाईंनी हौसेने मोटार शिकवण्याच्या शाळेच्या मालकांना फोन लावला.

"अहो, तुमच्या जागी दुसऱ्या बाई घेतल्या की," मालक गोंधळले. "तुमच्या दादांनीच कळवलं, तुम्ही आता येणार नाही म्हणून."

संध्याकाळी दादा चपला काढतोय तोच बाईंनी गाठलं. "मला न विचारता?"

"अगं, तुझ्या काळजीपोटीच. घरात काय कमी आहे तुला?"

"मीच कमी आहे, दादा."

त्याला ते कळलं नाही. तो खरंच दुखावला, न जेवता झोपायला गेला. वहिनी ताट झाकत हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही घरात होतात तर त्यांना शांत झोप लागायची हो." बाईंना रागही धड येईना. शत्रू असता तर भांडता आलं असतं.

मालकांनी एवढंच देऊ केलं, की मागच्या खोलीत बसून नव्या लोकांना रस्त्यावरच्या खुणा शिकवा. बाईंनी होकार दिला. खोलीला खिडकी नव्हती. भिंतभर पाट्या, थांबा, वळू नका, प्रवेश बंद. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की बाईंचा आखडलेला पाय बाकाखाली आपसूक दाबला जाई, आणि शिकवता शिकवता त्या क्षणभर अडखळत.

दादाने सोडायला-आणायला यायचं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी बाईंनी त्याला उंबऱ्यातच थांबवलं. "मी माझी जाईन."

"पडलीस तर?"

"तर हाक मारीन."

कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरू लागल्या. वरून दादाचा श्वास ऐकू येत होता. तो आत गेला नाही, खालीही आला नाही. बाईंनी मान वर केली नाही. घोटा ठणकत होता, आणि जिना अजून बराच उरला होता.