मोटार नको, खोका द्या

पनवेलच्या मासळी बाजारातली माझी नेहमीची मासेवाली गुडघ्यांमुळे घरी बसली, तेव्हा मला राग आला तो विळीचा. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी पाटावर पाय दाबून, कंबर मोडून मासे कापावेत आणि कुणाला दुसरं काही सुचू नये?

मी इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं यंत्रं शिकवली. "जुन्याला ठिगळं लावू नका, नवीन काहीतरी काढा," हे पोरांना ऐकवून ऐकवून माझा घसा बसला. स्वतः मात्र काहीच काढलं नव्हतं आणि ते डाचत होतं. म्हणून नवीन पनवेलच्या घरात, गॅलरीत, सहा महिने खपून मी मासे कापायचं यंत्र केलं. ओट्याएवढा उंच पत्र्याचा खोका, वर मोटार आणि फिरतं पातं. तिच्या घरी नेऊन दिलं आणि चालवायलाही शिकवलं.

आठवड्याने ती बाजारात परतली. बघतो तर मोटार आणि पातं काढून टोपलीखाली ठेवलेलं, खोक्यावर तिची जुनी विळी सुतळीने करकचून बांधलेली, आणि बाई उभ्याने सुरमई कापतेय.

"मावशी, हे काय केलंत?"

"मोटार चांगली हाय मास्तर, पन बोंबलाचा पार लगदा करते."

माझं डोकं सटकलं. "मग यात नवीन काय राहिलं? विळी तर तीच!"

"विळी तीच हाय," ती कापता कापताच म्हणाली, "पन मी उभी हाय ना."

सुतळीने बांधलेल्या विळीला पायाची गरजच नव्हती. इतकी साधी गोष्ट मला का सुचली नाही? पण खोका तर माझाच! मग शोध कुणाचा, तिचा की माझा? की शोध नाहीच, नुसतं ठिगळ? परीक्षेत कुणी हे लिहिलं असतं तर मी नापास केलं असतं. बाई पुन्हा धंद्याला लागली याचा आनंद होता, आणि माझ्या मोटारीचं वाईटही वाटत होतं. दोन्हींतलं खरं कुठलं, ते आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात शेजारची म्हातारी विळीवरून कण्हत उठली. "मास्तर, मला बी आसा खोका द्या. मोटार नको."

ही चांगलीच बुटकी होती, तिला तो खोका उंच झाला असता. मी खिशातली टेप काढली आणि जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप घेतलं. सहा महिन्यांत मी सुरमईची लांबी मोजली होती, बोंबलाची जाडी मोजली होती. कापणारी बाई मी पहिल्यांदाच मोजत होतो.