आईचं अक्षर

शारजाच्या आमच्या तबेल्यात एक जर्मन ट्राकेनर घोडा होता, पैदाशीची परीक्षा पास झालेला. त्याला सांभाळणारा साताऱ्याचा गडी त्याला ‘जावईबापू’ म्हणायचा. प्रत्येक शिंगराचं कपाळ बापावर गेलंय, असं छातीठोक सांगायचा.

नोंदणीचे फॉर्म मी भरायचो. या जातीत शिंगराचं नाव आईच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात, हे कळल्यावर तो उखडलाच. “साहेब, पास झाला बाप आणि अक्षर आईचं?”

“अकरा महिने पोटात कोणी वाढवलं?” मी विचारलं.

“खलास,” म्हणत तो निघून गेला.

पुढे गावी त्याला मुलगी झाली. माझ्याकडून घोड्याचा कोरा फॉर्म मागून त्याने तो भरला आणि पोस्टात टाकण्याआधी मला दाखवला. आई: शोभा. नाव: शीतल. ओळखीच्या खुणा: नाक बापाचं.